आवाजाचं बिल कोण भरणार?

(रुग्णालयाची बिलं आणि आरोग्य विमा या विषयांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं दिली जातात. उत्तरं देणाऱ्या बाईंनी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बिलिंग विभागात निवृत्तीपर्यंत काम केलं आहे.)

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. मार्चमध्ये कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याच ऑपरेशनमध्ये बोलण्यासाठी एक व्हॉल्व्ह बसवला. कॅशलेस मंजूर झालं, पण व्हॉल्व्हची रक्कम ‘नॉन-पेएबल’ म्हणून कापली. पुढे गळ्याला लावून बोलायचं बॅटरीचं यंत्र ४६ हजारांना घेतलं, तोही क्लेम नाकारला. आता व्हॉल्व्ह गळायला लागला म्हणून ओपीडीत बदलून घेतला, त्याचेही पैसे मिळाले नाहीत. माणसाला बोलता येणं हा उपचार नाही का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तुमचा राग मला समजतो. पण या तीन नकारांची एकच फाइल करून भांडू नका. त्यातला एक नकार चुकीचा आहे, एक नियमाला धरून आहे आणि तिसरा तारखांवर अवलंबून आहे. तिन्ही एकत्र पाठवलेत, तर कंपनी बळकट मुद्दा सोडून कमकुवत मुद्द्याला उत्तर देईल आणि पत्र संपवेल.

आधी व्हॉल्व्ह. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छिद्र करून तिथे ही सिलिकॉनची एकमार्गी झडप बसवतात. म्हणजे ती शरीराच्या आत, शस्त्रक्रियेने बसवलेली वस्तू आहे. स्टेंट किंवा गुडघ्याचा सांधा ज्या रांगेत बसतो, त्याच रांगेतली. मग कापली का? तुम्ही बिलाची प्रत पाठवलीत म्हणून कळलं. त्यात ‘व्हॉइस डिव्हाइस – १ नग’ एवढंच लिहिलं आहे. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर बसलेला मुलगा दिवसभर बिलं चाळतो. ‘डिव्हाइस’ दिसलं की वॉकर, नेब्युलायझर किट, मानेचा पट्टा यांच्या ओळीत टाकून मोकळा होतो. या वस्तू विमा नियामकाच्या न देण्याच्या यादीत खरोखरच आहेत. तुमचा व्हॉल्व्ह त्यांतला नाही.

रुग्णालयाकडून दुरुस्त बिल मागा. त्यात ‘ट्रॅकिओ-इसोफेजियल व्हॉइस प्रोस्थेसिस (इम्प्लांट)’ असं नाव हवं. पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलेलं असतं, त्याची प्रत घ्या. ऑपरेशन नोट जोडा. सर्जनकडून दोन ओळींचं पत्र घ्या, की ही वस्तू याच शस्त्रक्रियेत आत बसवली. बिलिंगवाले कुरकुर करतील. आम्हीही करायचो. पण जे घडलं तेच नीट नावाने लिहून मागणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या आणि कपात पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली केली ते विचारा. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे नकार देताना पॉलिसीतल्या अटीचा हवाला द्यावाच लागतो.

महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा पटण्यासारखं आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात हे कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. लोक लोकपालाचं नाव ऐकून कोर्टाच्या पायऱ्या आठवून घाबरतात आणि चार हजारांसाठी कोण जाणार म्हणतात. जा.

आता ४६ हजारांचं यंत्र, म्हणजे इलेक्ट्रोलॅरिंक्स. ते बाहेरून धरायचं असतं. बाहेरून वापरायची टिकाऊ उपकरणं बहुतेक पॉलिसींमध्ये स्पष्ट शब्दांत वगळलेली असतात, श्रवणयंत्रांसारखी. मला हा नियम मूर्खपणाचा वाटतो. घसा कापायला लाखो रुपये द्यायचे आणि माणसाला बोलतं करायला काहीच नाही! पण पॉलिसीत तसं लिहिलं असेल, तर लोकपालही पॉलिसीबाहेर जात नाहीत. इथे ताकद घालवू नका. ‘कन्झ्युमेबल्स’चा रायडर (पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा संरक्षण) घेतला असेल तरी त्यात साधारणपणे ग्लोव्ह्ज, मास्क असल्या यादीतल्या वस्तू मिळतात, हे यंत्र नाही.

त्यापेक्षा दिव्यांग प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढल्याचा उल्लेख नावानिशी आहे. पुष्कळ डॉक्टरही हे सांगत नाहीत. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के आणि त्यावर प्रमाण असेल आणि घरचं उत्पन्न महिना २२,५०० रुपयांपर्यंत असेल, तर केंद्राच्या एडिप योजनेत उपकरणाचा पूर्ण खर्च योजनेच्या मर्यादेत मिळू शकतो. ३० हजारांपर्यंत असेल तर निम्मा. तुम्ही यंत्र घेऊन बसला आहात, त्यामुळे झालेल्या खर्चाला याचा उपयोग नाही, पुढच्याला होईल.

राहिला व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च. त्यावर बुरशी धरते, तो गळतो आणि काही महिन्यांनी बदलावाच लागतो. हे आता नेहमीचंच. डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा (काही पॉलिसींत ९० किंवा १८०) त्याच आजाराचा खर्च मिळतो, भरती नसतानाही. तुमचा बदल त्या मुदतीत बसतो का पाहा. बसत नसेल तर पॉलिसीतली डे-केअरची आणि ओपीडीची कलमं वाचा. तिथेही नसेल, तर तो खर्च घरच्या बजेटात धरून चाला.

प्रश्न : वडिलांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे. बोलणं अस्पष्ट झालं आहे, हातही चालत नाहीत. डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या यंत्राचं कोटेशन साडेतीन लाख आहे. न्यू जर्सीतली आत्या म्हणते, तिकडे हे इन्शुरन्समध्ये मिळतं, तुम्ही नीट पाठपुरावा करत नाही. मी हिंजवडीत आयटीत आहे. – एक वाचक, वाकड

उत्तर : आत्याबाईंचं तिथल्यापुरतं खरं आहे. अमेरिकेत मेडिकेअर या ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठीच्या सरकारी विम्याच्या ‘पार्ट बी’मध्ये बोलणारी यंत्रं बसतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि स्पीच थेरपिस्टचा लेखी अहवाल असेल, तर वर्षाची ठरलेली रक्कम रुग्णाने भरल्यावर मंजूर किमतीच्या ८० टक्के मेडिकेअर देतं. तिथेही हे सुखासुखी झालेलं नाही. यंत्र भाड्याने देण्याच्या नियमामुळे रुग्ण रुग्णालयात किंवा नर्सिंग होममध्ये गेला की पंचाईत व्हायची. स्टीव्ह ग्लीसन या अमेरिकन फुटबॉलच्या माजी खेळाडूला हाच आजार झाला आणि २०१५ मध्ये त्याच्या नावाने कायदा करावा लागला. तिथे ज्या वर्गात (बाहेरून वापरायची टिकाऊ उपकरणं) घालून पैसे देतात, नेमका तोच वर्ग आपल्या पॉलिसी वगळतात. तुमचा पाठपुरावा कमी पडलेला नाही, हे आत्याला माझ्या नावाने सांगा.

पण तुमच्याकडे एक दार आहे, जे कोथरूडच्या ताईंकडे नव्हतं. कंपनीची ग्रुप पॉलिसी ही वाटाघाटीने ठरते. वडील तिच्यात असतील, तर एचआरला दोन गोष्टी विचारा : ‘कॉर्पोरेट बफर’ (सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी मिळून ठेवलेली जादा रक्कम) आहे का, आणि तो वगळलेल्या वस्तूंसाठी वापरता येतो का. पुढच्या नूतनीकरणात सहायक उपकरणांसाठी ठरावीक रक्कम घालून घ्यायलाही सांगा. लेखी मागा, चहाच्या टेबलावर नको.

प्राप्तिकरात, जुनी करप्रणाली घेत असाल तर, अवलंबून असलेल्या दिव्यांग पालकासाठी ७५ हजारांची आणि ८० टक्के किंवा त्यावर दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. आपण ८०-डीडी म्हणतो ती हीच. प्रत्यक्ष किती खर्च झाला याच्याशी तिचा संबंध नाही, म्हणून यंत्र घ्या अगर न घ्या, ही सोडू नका.

साडेतीन लाख मोजण्याआधी घरी चाचणी मागा. चष्मा, खोलीतला उजेड, मान टिकते की नाही, यावर ही यंत्रं अडतात. तोवर पारदर्शक प्लास्टिकवर मराठी अक्षरं चिकटवून नजरेने बोलण्याचा फलक स्पीच थेरपिस्टकडून शिकून घ्या. आणि वडिलांचा आवाज जेवढा आहे तेवढा आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा, हे काम बिलाची वाट पाहणारं नाही.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणाऱ्या अ‍ॅपसाठी टॅबलेट घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, फिजिओसाठी एक दिवस अ‍ॅडमिट दाखवा, टॅबलेट ‘सर्जिकल’मध्ये घालून देतो. – एक वाचक, हडपसर

उत्तर : नको. वर कोथरूडला मी बिल दुरुस्त करायला सांगितलं ते खरं लिहिण्यासाठी. हे खोटं लिहिणं आहे. सलग ६० महिने हप्ते भरल्यावर, पॉलिसी घेताना माहिती दिली नाही म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण उडतं, आणि मुलीला उद्या खरंच ऑपरेशन लागलं तेव्हा पॉलिसी रद्द झालेली असेल. दुकानदाराचं काय जातं?

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत तिची नोंद करा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि बाहेरून घेतलेल्या थेरपीचाही त्यात समावेश आहे. थेरपीचे पैसे तिथून सुटले, की टॅबलेटला हात मोकळा होतो. आणि टॅबलेट लगेच घेऊ नका. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप फुकट आहे, मराठीतही आहे. ते घरातल्या जुन्या अँड्रॉइड फोनवर घालून थेरपिस्टसमोर काही आठवडे वापरून बघा. चित्रं बोटाने नीट दाबता येतात का, किती मोठा पडदा लागतो, ते कळेल. मग घ्याल तेव्हा बिल टॅबलेटच्याच नावाचं घ्या आणि थेरपिस्टची शिफारस त्याच फाइलला लावून ठेवा. एखाद्या ट्रस्टकडे मदत मागायला गेलात, तर ते हीच दोन कागदपत्रं आधी मागतात.