वेगवेगळ्या चर्चमधल्या ख्रिस्ती लोकांना एकत्र येऊन परिसरातल्या लोकांची सेवा करणं खरंच जमतं का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भागात कॅथलिक, मेथॉडिस्ट आणि पेंटेकोस्टल अशा तीन पंथांच्या तीन मंडळ्या, म्हणजे चर्च, आहेत. तिन्हीकडच्या लोकांना काहीतरी करायची इच्छा आहे, पण शिकवणीतले फरक आड येतील अशी भीती वाटते.

जमतं. मी स्वतः काही वर्षं अशाच कामात आहे. आम्ही चार मंडळ्यांचे लोक मिळून एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि आजाऱ्यांना भेटायला जातो. शिकवणीवरून आमचं काम एकदाही अडलेलं नाही. अडलं ते सभागृहाच्या किल्लीवरून, खर्चाच्या पावत्यांवरून, आणि एकदा तर फलकावर कोणत्या मंडळीचं नाव आधी लिहायचं यावरून. म्हणून पहिल्याच बैठकीत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) यांचा विषय काढू नका. ते प्रश्न मोठे आहेत, मला स्वतःला महत्त्वाचे वाटतात. पण दार उघडायला कोणी नाही म्हणून आत अडकून पडलेल्या माणसाला तुमच्या निर्णयाची वाट बघायला लावू नका.

आमची सुरुवात याद्यांपासून झाली. प्रत्येक मंडळीने आपण कोणाकोणाला भेटतो त्यांची नावं आणली. एका आजींचं नाव तीन याद्यांत होतं! एकाच आठवड्यात त्यांच्याकडे तीन गट जायचे आणि कोणालाच दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मग कोणीतरी विचारलं, जे कुठल्याच चर्चला जात नाहीत ते कोणाच्या यादीत आहेत? कोणाच्याच नव्हते. तो प्रश्न आजही माझ्या मनातून जात नाही. आपण प्रत्येक जण आपापल्या माणसांची काळजी मनापासून घेत होतो, आणि आपलं म्हणायला कोणीच नसलेला माणूस आपल्या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडत होता.

ही गोष्ट नवीन नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय ६ वाचा. यरुशलेमेतल्या पहिल्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, सात जण निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव ही सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याचपैकी माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं. आम्ही हेच केलं. एकत्र केलेली यादी सांभाळायचं काम चौघांतल्या सर्वांत लहान मंडळीकडे दिलं. मोठ्या चर्चकडे माणसं, जागा, साधनं सगळं आधीच असतं. यादीही तिकडेच गेली की बाकीचे हळूहळू नुसते मदतनीस होऊन राहतात.

पैशांबाबत पौलाचा, म्हणजे गावोगावी मंडळ्या उभारणाऱ्या प्रेषिताचा, कित्ता गिरवा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली, पण ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनीच निवडलेला माणूस त्याने सोबत घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने हे कारण स्पष्ट लिहिलंय. आमच्या खर्चावर दोन वेगवेगळ्या मंडळ्यांच्या दोघांच्या सह्या लागतात, आणि दर महिन्याचा हिशोब चारही ठिकाणी वाचला जातो. हे सुरुवातीलाच ठरवा. संशय आल्यावर ठरवायला गेलात तर तो नियम कोणा एकावर आरोप केल्यासारखा वाटतो.

कोणी म्हणालं की आमच्या चर्चला हे चालणार नाही, तर थोडा इतिहास हाताशी असू द्या. १९२५ साली स्वीडनचे आर्चबिशप नाथान सॉडरब्लोम यांनी स्टॉकहोमला वेगवेगळ्या चर्चची परिषद भरवली होती, तीच मुळी समाजातल्या कामावर. कॅथलिक चर्च त्या वेळी सामील झालं नव्हतं. १९५२ मध्ये स्वीडनमधल्याच लुंड इथे जमलेल्या मंडळ्यांनी एकमेकींना प्रश्न विचारला: खोलवरच्या श्रद्धेमुळे जिथे वेगळं राहणं भागच आहे, तेवढं सोडून बाकी सगळं आपण एकत्र का करू नये? आणि १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) ऐक्याविषयी जे आदेशपत्रक काढलं, त्यात इतर ख्रिस्ती लोकांबरोबर समाजकार्यात सहकार्य करण्याला स्पष्ट पाठिंबा आहे. तुमच्या फादरना हे नक्की माहीत असेल. विचारून बघा.

आता नाजूक भाग. आमच्यातल्या काहींना भेटीच्या वेळी सुवार्तेची पत्रकं द्यायची होती. त्यांचा हेतू शुद्ध होता आणि त्यांना गप्प करणं मला बरं वाटलं नाही. तीन बैठका यावरच गेल्या. शेवटी २०११ चं एक निवेदन उपयोगी पडलं. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद समिती आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स (सुवार्ता सांगण्यावर भर देणाऱ्या चर्चची जागतिक संघटना) या तिघांनी ते मिळून काढलेलं आहे. माणसाच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेणं ख्रिस्ती साक्षीत बसत नाही, असं त्यात म्हटलंय. इव्हँजेलिकल संघटनेचीही त्याला संमती आहे हे कळल्यावर आमच्या त्या भावांचा सूर बदलला. आम्ही ठरवलं की मदत सगळ्यांना, कोणत्याही अटीशिवाय. पत्रकं न्यायची नाहीत. कोणी आपणहून विचारलं तर आपला विश्वास मोकळेपणाने सांगायचा. आणि त्या माणसाला आपल्या चर्चकडे ओढायचं नाही, हेही त्यातच आलं.

प्रार्थनेचं काय, असंही तुम्ही विचारलंय. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांना येते म्हणून प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली. ‘वाइटापासून सोडव’ म्हटल्यावर कॅथलिक मंडळी थांबली आणि बाकीचे ‘राज्य, सामर्थ्य, गौरव’ म्हणत पुढे गेले. सगळेच अवघडले. आता तिथे सगळे क्षणभर थांबतात, मग ज्यांना पुढे म्हणायचंय ते म्हणतात आणि शेवटचं आमेन सगळे मिळून म्हणतात. त्या थांबण्यात मला दर वेळी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातली येशूची प्रार्थना आठवते, ‘त्या सर्वांनी एक व्हावे’ ही. प्रभुभोजन मात्र आम्ही एकत्र घेत नाही. काहींना त्याचं दुःख आहे, मलाही आहे. ते दुःख लपवून ठेवत नाही इतकंच.

बैठकीचे दिवस ठरवताना एकमेकांचं कॅलेंडर बघा. आमच्यातली एक मंडळी शनिवारी शब्बाथ पाळते, म्हणून बैठक आठवड्याच्या मधल्या वारी असते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेतली मंडळी असेल तर त्यांचा ईस्टर वेगळ्या तारखेला येऊ शकतो. त्याचा फायदाच होतो, कारण एकाच वेळी सगळे गायब होत नाहीत.

तेव्हा येत्या आठवड्यात फादर आणि दोन्ही पाळकांना एवढंच विचारा, की आपापली यादी घेऊन अर्धा तास भेटाल का. तिघांतला एक नाही म्हणाला तर दोघांनी सुरू करा आणि तिसऱ्याला दर महिन्याचा हिशोब पाठवत राहा. आमची चौथी मंडळी तशीच आली, जवळजवळ वर्षभराने. आणि फलक इतक्यात करू नका. आमच्याकडे तो वाद झाल्यावर फलकच रद्द केला, आणि आम्ही भेटायला जातो त्यांच्यापैकी कोणीही आजवर तो मागितलेला नाही.