कोल्हापूर परिसरातील यात्रा-उत्सव पाहण्यासाठी वर्षातील कोणता काळ निवडावा?

एकदाच येणे शक्य असेल, तर चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर भरणारी जोतिबाची यात्रा पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकातूनही लाखो भाविक तेथे येतात, गावोगावच्या मानाच्या उंच सासनकाठ्या, म्हणजे देवाची निशाणे लावलेल्या काठ्या, वाद्यांच्या तालावर नाचवल्या जातात आणि ‘चांगभलं’च्या गजरात उधळलेल्या गुलालाने काळ्या दगडाची मंदिरेसुद्धा गुलाबी होऊन जातात. बरोबर वृद्ध मंडळी किंवा लहान मुले असतील, तर ही गर्दी टाळून माघातील खेट्यांचा, म्हणजे जोतिबाच्या पायी वाऱ्यांचा, एखादा रविवार निवडावा. त्या दिवसांत कोल्हापुरातून अनेक जण अनवाणी डोंगरावर चालत जातात.

पाऊस आवडत असेल, तर आषाढात यावे. पंचगंगेला आलेले नवे पाणी कलशांत भरून, पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर, गल्लोगल्लीची मंडळे मंगळवारी आणि शुक्रवारी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोली (टेंबलाई) देवीला वाहण्यासाठी निघतात. बाहेरच्या पर्यटकांचे या यात्रेकडे फारसे लक्ष जात नाही, याची मला खंत वाटते, कारण नदी, पाऊस आणि शहर यांचे नाते इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही उत्सवात दिसत नाही. याच सुमारास शेतकरी बेंदूर हा बैलांचा सण साजरा करतात.

नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीस जाते व तेथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. दसऱ्याच्या सायंकाळी दसरा चौकात छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत शमीपूजन होते. तेथे जागा मिळण्यासाठी दुपारीच पोहोचावे.