मिस्त्रीला ॲडव्हान्स देण्याआधी भावाला फोन करा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका वाचकांनी विचारलं आहे: "आठ एकर कोरडवाहू शेती आहे, जोडीला छोटा हत्ती चालवतो. गाडी घराच्या बाजूला उघड्यावर उभी राहते. तिथे १५ बाय २५ फुटांचं स्लॅबचं गॅरेज बांधायचं आहे. मिस्त्रीनं ४ लाख २० हजार सांगितले. अडीच लाखांची एफडी जुलैत सुटते, पण मोडता येईल. बाकीचे सोनं ठेवून नाहीतर पीककर्जातून काढीन म्हणतो. घर वडिलांच्या नावावर आहे, ते चार वर्षांपूर्वी वारले. आई सोबत आहे, भाऊ पुण्याला, बहीण वाशीमला दिली. गावातले लोक म्हणतात, सोळाशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, बांधून टाक. पत्नी ग्रामपंचायत सदस्य आहे, त्यामुळे कोणी अडवणार नाही. काय करावं?"

भाऊ, तुम्ही पाठवलेला फोटो मी बराच वेळ पाहिला. समोरच्या काचेवर शिवलेली दोन पोती, बॅटरीवर सिमेंटच्या थैलीचं प्लास्टिक, मागच्या टायरच्या बाजूला उन्हानं पडलेल्या बारीक भेगा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रबर, वायरिंग, रंग सगळं त्यात होरपळतं. ज्या गाडीवर घर चालतं तिच्या डोक्यावर छप्पर असावं, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. शेड बांधाच. पण तुम्ही म्हणता ते नाही, आणि या महिन्यात तर नाहीच.

आधी परवानगीचं, कारण सगळा पैसा तिथे अडकलेला आहे.

"सोळाशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही" हे वाक्य गावोगाव फिरतं, पण अर्धंच फिरतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. तिच्या आधारानं ग्रामीण भागात सोय झाली ती अशी, की १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांच्या भूखंडावर साधं बांधकाम करायला नगररचना कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत. त्याऐवजी मालकीचे कागद, मोजणीचा नकाशा, बांधकामाचा आराखडा आणि तो नियमात बसतो असं परवानाधारक इंजिनिअरचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं आणि शुल्क भरायचं. नगररचनेची फेरी वाचली, कागद वाचले नाहीत. गावठाणात बांधकाम ग्रामपंचायतीला विचारूनच करायचं, हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम ५२ मध्ये आहेच.

आता त्या यादीतला पहिला शब्द पुन्हा वाचा: मालकीचे कागद. तुमच्याकडे काय आहे? नमुना ८ चा उतारा, तोही वडिलांच्या नावाचा. नमुना ८ ही घरपट्टी कोणाकडून घ्यायची याची ग्रामपंचायतीची नोंदवही आहे. तो मालकीचा पक्का पुरावा नाही, आणि त्यावर नाव आहे गेलेल्या माणसाचं. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्यांच्या वाट्याला हिंदू उत्तराधिकार कायद्यानं चार वारस आहेत: आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण. बहिणीला "दिल्या घरची" म्हणून सोडता येत नाही. तुम्ही ४ लाख २० हजार एकट्याच्या कमाईतून लावणार आणि ज्या जागेवर लावणार ती चौघांची.

याचं काय होतं ते मी घरातच पाहिलं आहे. माझ्या वडिलांनी १९९६ मध्ये सामाईक वाड्याच्या उत्तरेला स्लॅबची एक खोली बांधली. काकांना तोंडी विचारलं होतं, ते "बांध" म्हणाले होते. कागद काहीच केला नाही, भावाभावांत कशाला म्हणून. २००९ मध्ये वाटणी झाली, टेप धरून वाडा सारखा दोन भागांत कापला, आणि ती खोली काकांच्या भागात गेली. कोणी कोणाला फसवलं नाही. खर्चाचं लिहून ठेवलेलं नव्हतं आणि तेरा वर्षांनी कोणाला आकडाही आठवत नव्हता, एवढंच. वडील आणि काका त्यानंतर एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेले, पण जेवायला थांबले नाहीत. म्हणून मी हे इतकं लांबवून सांगतो आहे.

तेव्हा पहिलं काम वारस नोंदीचं. वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्या, ग्रामसेवकांकडून (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) त्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नसतो. सोबत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा, की तुमच्या गावठाणाची स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली आहे का. ही योजना एप्रिल २०२० पासून सुरू आहे आणि मोजणी झालेल्या गावांत घरांच्या मिळकत पत्रिका तयार होतात. तुमची तयार असेल तर तिच्यावर नाव कोणाचं लागलं आहे आणि क्षेत्र किती दाखवलं आहे ते डोळ्यांनी पाहा. नाव चुकलं असेल तर ते आत्ता सरळ करणं सोपं, नंतर फार जड जातं.

दुसरं काम संमतीपत्राचं. आई, भाऊ आणि बहीण या तिघांनी सही केलेलं, नोटरी केलेलं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: शेड कुठे आणि किती फुटांचं, खर्च पूर्ण तुमचा, आणि पुढे वाटणी झाली तर शेडची जागा तुमच्याकडे यावी किंवा शेडचा तेव्हाचा खर्च धरून हिशेब व्हावा. या कागदानं जागा तुमच्या नावावर होत नाही, हेही लक्षात ठेवा. त्यासाठी नोंदणी केलेलं वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र लागतं. एका शेडपायी बहिणीकडून हक्कसोड मागू नका. तिचा हिस्सा हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो गाडीच्या आडून काढला तर तिला कायम लक्षात राहील.

वहिनी सदस्य आहेत म्हणून अडचण येणार नाही, असं तुम्हाला वाटतं. मला नेमकं उलट दिसतं. पत्रात शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की शटर उघडायला जागा हवी म्हणून पुढचा ओटा "दोनेक फूट" रस्त्याकडे घेणार. भाऊ, ते दोन फूट ग्रामपंचायतीचे आहेत. शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असलं तर सदस्य अपात्र ठरतो, ही तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. अतिक्रमण घरातल्या दुसऱ्या कोणी केलेलं असलं आणि सदस्य त्याच घरात राहत असला तरी ती लागू होते, असा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. पुढच्या निवडणुकीत हरलेला कोणीही माणूस टेप घेऊन तुमच्या दारात उभा राहू शकतो. वहिनींनी निवडून येण्यासाठी उन्हातान्हात घरोघर पायपीट केली असेल. ती दोन फुटांच्या ओट्यावर ठेवू नका. आणि तुमचा अर्ज मासिक सभेत आला तर त्यांनी त्या विषयावर बोलू नये, तसं इतिवृत्तात लिहून घ्यावं.

समोरचा रस्ता गावातला आहे की जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा, हेही विचारून घ्या. रस्त्याच्या दर्जाप्रमाणे सोडायचं अंतर बदलतं.

आता पैसे. छोटा हत्ती लांबीला ३.८ मीटर, म्हणजे साडेबारा फूट, रुंदीला दीड मीटर. तिला १० बाय १८ ची जागा भरपूर होते, दोन्ही बाजूंची दारं उघडून. तुम्ही १५ बाय २५ म्हणता तेव्हा मनात गाळा आहे, असं मला वाटतं. उद्या किराणा टाकू नाहीतर भाड्यानं देऊ. तो विचार वाईट नाही, पण तो दुकानाचा हिशेब आहे, गॅरेजचा नाही. दुकानाला परवानगीही वेगळी मागावी लागेल आणि घरपट्टीची आकारणीही बदलेल.

गाडी उघड्यावर राहिल्यानं वर्षाला टायर, बॅटरी आणि रंगावर ९ हजार जास्तीचे जातात, असं तुम्हीच लिहिलं आहे. तोच आकडा धरू. अडीच लाखांची एफडी मोडली तर सात टक्क्यांनी वर्षाचं १७,५०० व्याज गेलं, मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा. उरलेल्या १ लाख ७० हजारांसाठी सोनं बँकेत ठेवलं आणि दर दहा टक्के धरला तर वर्षाला १७,००० व्याज. म्हणजे वर्षाचे ९ हजार वाचवायला ३४,५०० जाणार. हेच लोखंडी पाइप, टिनाचे पत्रे, कोब्याची जमीन आणि तीन फूट विटांची भिंत असं १० बाय १८ चं शेड केलं, तर माझ्या अंदाजानं सव्वा लाखाच्या आसपास बसेल. सव्वा लाखाचं सात टक्क्यांनी व्याज होतं ८,७५०. तुमच्या गाडीच्या छपराची किंमत एवढीच आहे. त्यापेक्षा जास्त लावलेला रुपया हौसेचा, आणि हौस कर्ज काढून करू नये असं माझं ठाम मत आहे.

स्लॅबबद्दल आणखी एक. तुमच्याकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. स्लॅबचं वजन तिच्यावर टाकायचं तर पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. मिस्त्रीच्या आकड्यात खोदाई किती फूट धरली आहे ते विचारा. मला तो चार फुटांवर थांबलेला दिसतो.

एफडीला हात लावू नका. ती जुलैत सुटते आणि तेव्हाच मुलीच्या प्रवेशाची वेळ आहे. तुम्ही लिहिलं आहे, तिला नर्सिंगला जायचं आहे. त्या पैशावर तिचं नाव आधीच पडलेलं आहे.

पीककर्जाला तर अजिबात नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शून्य टक्क्याला पडतं. इतकं स्वस्त कर्ज तुम्हाला दुसरं कुठेच मिळणार नाही. ते भिंतीत गेलं की मुदतीत परत येत नाही, सवलत जाते, खातं थकीत होतं, आणि मृगाच्या तोंडावर बियाण्या-खताला नवं कर्ज मिळत नाही. मग पाय कुणाच्या ओसरीकडे वळतात हे विदर्भात सांगायची गरज नाही. घरात २२ क्विंटल कापूस पडून आहे म्हणता, तो १ लाख ६० हजारांचं पीककर्ज फेडायला राखून ठेवा. सीसीआयला (केंद्राच्या कापूस खरेदी महामंडळाला) द्यायचा असेल तर नीट वाळवून न्या, आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापतात आणि बाराच्या वर घेत नाहीत.

मग शेड कशातून? बचत खात्यात ४५ हजार आहेत. जानेवारी ते एप्रिल तुमचा भाड्याचा हंगाम, गाडीचा हप्ता आणि डिझेल जाऊन महिन्याला १२ हजार उरतात म्हणता, म्हणजे चार महिन्यांत ४८ हजार. झाले ९३ हजार. यात कोबा, खांब आणि वरचे पत्रे होऊन जातील. बाजूच्या भिंती पुढच्या दिवाळीनंतर. वहिनींच्या बचत गटातून ३० हजार उचलून यंदाच पूर्ण करावं, असंही तुम्ही सुचवलं आहे. मला ते पटत नाही. कर्ज त्यांच्या नावावर आणि शेड सासऱ्यांच्या नावावरच्या जागेत, यात त्यांच्या हाती हप्त्याशिवाय काही राहत नाही.

कागदांना दोन-तीन महिने लागतील आणि पैसे जमायला चार. त्यामुळे वाट पाहण्यात तुमचं काही बुडत नाही. एप्रिलच्या शेवटी काम काढलं तर पावसाआधी पत्रे चढतात. पत्र्याला हूक-बोल्ट पक्के मारायला सांगा, मे महिन्याच्या वादळात आपल्याकडे पत्रे शेजारच्या वावरात सापडतात. बांधून झालं की नमुना ८ मध्ये शेडची नोंद करून घ्या. घरपट्टी थोडी वाढेल, वाढू द्या. आणि गाडीचा हप्ता संपल्यावर विमा फक्त थर्ड पार्टीवर आणू नका. शेजारी कडुनिंब आहे, फांदी शेडवर पडली तर थर्ड पार्टीतून एक रुपया मिळत नाही.

तोपर्यंत पोत्यांच्या जागी एक चांगली जाड ताडपत्री घ्या.

भावाला आजच फोन करा, पण संमतीपत्राचा मजकूर फोनवर वाचून दाखवू नका. आधी शेड का हवं ते सांगा, मग कागद पाठवा, दोन दिवस त्याला विचार करू द्या. बहीण संक्रांतीला येणार आहे म्हणता. कागद तयार ठेवा, मात्र ती आल्या आल्या पुढे करू नका. आधी तिला बाजूच्या जागेत घेऊन जा, चुन्याची फक्की टाकून १० बाय १८ ची रेघ मारून ठेवा, आणि शेड कुठून कुठे येणार ते तिला तिथे उभं करून दाखवा.