सुरुवातीला काय वाचायचं

ताई, बायबल वाचायला सुरुवात करताना त्यातली एकदम पाच-सहा पुस्तकं घेऊ नका, सगळ्यांची हीच चूक होते, मीही पहिल्या वर्षी ढीग लावला आणि एकही पूर्ण झालं नाही. आधी मार्ककृत शुभवर्तमान घ्या, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा, १६च अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, रोज एक, सावकाश.

मन जड असेल तर स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधली प्रार्थनागीतं, १५० स्तोत्रं आहेत पण क्रमाने वाचायलाच पाहिजेत असं काही नाही. ४२वं वाचा, त्यात स्तोत्र गाणारा स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खचलास, आणि ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलंही गोड वाक्य नाही. म्हणजे रडणं हा अविश्वास नाही हो!

मग १ राजे १९, म्हणजे बायबलमधल्या राजे या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय. एलीया हा देवाचा संदेष्टा झुडपाखाली मरण मागतो, आणि देवदूत त्याला उपदेश करत नाही, उठवून भाकर-पाणी देतो, तो परत झोपतो, परत खायला देतो. हे मला फार उशिरा दिसलं.

दोन गोष्टी सांभाळा:
- एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय उरकू नका
- झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं तर डॉक्टरांकडे लगेच जा, प्रार्थना सोबत चालूच राहते

टीकाग्रंथ (वचनांचा अर्थ उलगडणारी पुस्तकं), मूळ ग्रीक शब्द वगैरे नंतर बघू.