1992 ची नॅस्कार विन्स्टन कप (अमेरिकेतली कार शर्यतींची हंगामभराची स्पर्धा) अ‍ॅलन कुलविकीने फक्त 10 गुणांनी कशी जिंकली?

खरं तर एका लॅपने, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीने. 15 नोव्हेंबर 1992, अटलांटा, हंगामातली 328 लॅपची शेवटची शर्यत. शर्यतीआधी हंगामाच्या एकूण गुणांत डेव्ही अ‍ॅलिसन पुढे, कुलविकी 30 गुणांनी मागे आणि बिल एलियट 40 गुणांनी. अ‍ॅलिसन अपघातात सापडल्यावर लढत दोघांतच उरली.

तेव्हाचा हिशेब असा: पहिल्याला 175, दुसऱ्याला 170, एक लॅप जरी आघाडी घेतली तरी 5, आणि सर्वाधिक लॅप आघाडीवर राहणाऱ्याला आणखी 5. एलियट शर्यत जिंकला, पण आघाडीचे लॅप त्याचे 102 आणि कुलविकीचे 103. त्यामुळे दोघांनाही 180च मिळाले आणि फरक 10चाच राहिला. तो एक लॅप उलटा पडला असता तर गुण समान झाले असते आणि जास्त शर्यती जिंकल्यामुळे किताब एलियटकडे गेला असता.

हे सगळं पहिला गिअर तुटलेला असताना! पिटमधून (इंधन-टायरसाठी थांबण्याच्या जागेतून) गाडी वरच्या गिअरवरच उचलायची. क्लच जरा चुकला की इंजिन बंद. शेवटच्या थांब्यात इंधनही भरपूर घेता आलं नाही, म्हणून ते पुरवत शर्यत संपवावी लागली.

कुलविकी मेकॅनिकल इंजिनिअर होता, संघही त्याच्याच मालकीचा. दुसऱ्या संघाचा मालक ज्युनियर जॉन्सनची मोठी ऑफर नाकारून तो स्वतःच्या गाडीवर ठाम राहिला. माझ्या मते त्याचं मोठेपण इथेच आहे. 1 एप्रिल 1993 ला विमान अपघातात तो गेला, वय 38.