दुखतंय, पण हलायचं किती? – वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

या वेळी पत्रांचा ढीग मोठा आहे, पावसाळ्यात हे होतंच, सांधे आखडतात आणि घसरून पडणारेही वाढतात. चार पत्रं निवडलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण तसं पत्र मला दर महिन्याला कुणी ना कुणी लिहितंच.

ताई, मी ४२ वर्षांची, कासारवडवलीला राहते, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. अडीच वर्षं कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये 'एल फोर-एल फाइव्ह डिस्क बल्ज, डिजनरेटिव्ह चेंजेस' आलं. मला सांगितलं गेलं की मणक्यात गॅप पडलाय, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, बेल्ट लावा. तेव्हापासून मी जमिनीवर बसलेलीच नाही, गौरीच्या वेळी आरतीलाही खुर्चीत होते. आठवड्यातून दोन-तीनदा पेनकिलर घेते. रविवारी बरं वाटलं म्हणून माळे साफ केले, तर सोमवार-मंगळवार आडवी होते. हे असंच राहणार का?

तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, आणि दुखण्यापेक्षा त्या 'गॅप' शब्दाने तुमचं जास्त नुकसान केलंय असं वाटलं. आधी रिपोर्टबद्दल. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या मणक्यांच्या स्कॅनचा एकत्र अभ्यास २०१५ साली छापून आला, त्यात चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांना डिस्क बल्ज (दोन मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली) होता आणि ६८ टक्के लोकांना डिजनरेशन, म्हणजे गादीची झीज. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या बसमधल्या तुमच्याच वयाच्या वीस जणांना मशीनमध्ये घातलं तर दहाएक जणांचा रिपोर्ट तुमच्यासारखाच येईल आणि त्यांना काही होतही नसेल. केस पांढरे होतात तशी गादी थोडी सुकते, ती 'सरकत' नाही आणि मणक्यात गॅपही पडत नाही.

मग दुखतं का? तर दुखणं खोटं नाहीये, कुणी 'मनाचे खेळ' म्हणालं तर ऐकू नका. पण तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं आणि ताजी दुखापत यांची गत वेगळी असते. ताज्या दुखापतीत दुखणं राखण करतं, हात लावू नको सांगतं. महिनोन्महिने तेच चाललं की मज्जासंस्था हळवी होते, सोसायटीतल्या एखाद्या गाडीचा अलार्म मांजर बॉनेटवर बसलं तरी वाजतो ना तसं, चोर नसतो पण आवाज मात्र खराखुरा असतो. त्यात झोप कमी, घोडबंदरचे खड्डे, डेडलाइन आणि 'वाकले तर काहीतरी तुटेल' ही धास्ती, सगळं मिळून तो अलार्म अजून सहज वाजायला लागतो. दुखणं किती आहे यावरून आत किती बिघडलंय ते कळत नाही, हे एवढं मनात पक्कं बसलं तर अर्धं काम झालं.

क्लिनिकमध्ये मी अशा पेशंटला पहिल्याच दिवशी जमिनीवर रुमाल टाकून उचलायला सांगते. बहुतेक जण काय करतात माहितेय का, श्वास रोखतात, दात दाबतात, एक हात मांडीवर रोवतात आणि पाठ फळीसारखी ताठ ठेवून गुडघ्यातून कसेबसे खाली जातात. वर आले की म्हणतात दुखलं. मग मी म्हणते आता श्वास सोडत पाठ गोल होऊ दे, हात नुसते लोंबू देत, रुमालापर्यंत गेले नाहीत तरी चालेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी बोटं रुमालाला लागतात आणि चेहऱ्यावर जे आश्चर्य येतं ना, ते बघण्यासाठी मी हे काम करते.

तुम्ही घरी असं करा. बेल्ट एकदम फेकू नका, आठवडाभर फक्त बसमध्ये लावा, मग तोही सोडा. खुर्चीत बसून हात पावलांकडे नेत वाकायचं, दिवसातून दोनदा दहा वेळा. ते अंगवळणी पडलं की उभ्याने. मग दोन किलोची तांदळाची पिशवी, मग पाच किलोचा आटा. आधी पाटावर बसा, नंतर जमिनीवर. रोज चालायचं पण दुखेपर्यंत नाही, घड्याळ लावून. बारा मिनिटं आरामात जमतात ना, मग दहाच चाला, चांगल्या दिवशीही दहाच, आणि दर चार-पाच दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. कारण तुम्ही पत्रात जे लिहिलंय की रविवारी बरं वाटलं म्हणून माळे साफ केले आणि सोमवार-मंगळवार आडवी होते, तेच चक्र दुखणं जिवंत ठेवतं. थोडं दुखलं तर चालेल, रात्रीपर्यंत किंवा फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीला आलं पाहिजे, नाहीतर डोस जास्त झाला, कमी करा.

पेनकिलर आठवड्यातून दोन-तीनदा अडीच वर्षं, हे मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पोटाला, किडनीला आणि बीपीला त्रास देऊ शकतात. परत मेडिकलवाल्याकडून घेण्याआधी बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या.

आणि हे मात्र ताबडतोब, त्याच दिवशी हॉस्पिटल: लघवी अडकणं किंवा संडास-लघवीवरचा ताबा जाणं, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं. तापाबरोबर पाठदुखी, उगाच वजन उतरणं, आधी कॅन्सर झालेला असणं, यातलं काही असेल तरीही थांबू नका. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाहीये.

माझे वडील ५६ वर्षांचे, कोपरखैरणेला राहतो, ते वाशीच्या मार्केटला माथाडी आहेत. दोन्ही गुडघे दुखतात. गावाकडच्या एकाकडून पुड्या आणल्या, महिनाभरात धावायला लागले इतका फरक. आता पाच महिने चालू आहेत पण तोंड सुजल्यासारखं दिसतं आणि शुगर वाढलीय. पुडी बंद करू का?

दादा, आधी हे वाचा: पुडी आज एकदम बंद करू नका, आणि वडिलांना उद्याच एमडी फिजिशियनकडे न्या, पुडी सोबत घेऊन. बिनलेबलच्या पुडीने जुनं दुखणं महिनाभरात पळालं, चेहरा गोल झाला, शुगर चढली, हे सगळं जमून आलं की त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका येते. असं बरेच महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, मग अचानक थांबवल्यावर उलट्या, चक्कर, बीपी खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टर ते हळूहळू उतरवतील. वडिलांना रागावू नका हो, पाठीवर पोती वाहणारा माणूस एका दिवसाची मजुरी बुडू नये म्हणूनच पुडी घेतो.

गुडघ्याचं सांगायचं तर 'वंगण संपलंय, आता हलवू नका' हे चूक आहे. हललं तरच सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, पोषण मिळतं. मांडीचे स्नायू दणकट करणं हेच त्यावरचं खरं औषध: खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस, सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंच करा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. कामावर टोळीच्या मुकादमाशी बोलून काही आठवडे ओझं घेऊन चढायचं काम दुसऱ्याकडे देता येईल का बघा. ते जमलं तर व्यायामाला वाव मिळेल.

ठाणे स्टेशनच्या जिन्यावर गर्दीत पाय मुरगळला, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला सूज. आई म्हणते लचक भरलीय, चोळून घे. मी कॉलेजकडून कबड्डी खेळतो, एक्सरे काढू का आणि मॅच कधी?

चोळून अजिबात घेऊ नकोस, पहिले दोन-तीन दिवस तर नाहीच. एक्सरेसाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये दिलेले नियम आजही वापरतात: पडल्यावर आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर आणि टोकावर, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड वर लागतं तिथे, किंवा आतल्या कमानीच्या वरच्या हाडावर, यातल्या कुठेही दाबून कळ आली तर एक्सरे काढ. नसेल तर क्रेप बँडेज, पाय उंच, आणि झेपेल तसं टेकत चालायचं. बर्फ दुखण्यापुरता दहा-पंधरा मिनिटं ठीक. 'आराम-बर्फ-बँडेज-पाय वर' ही पद्धत १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केली आणि पुढे त्यांनी स्वतःच मत बदललं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून यायला उलट उशीर होऊ शकतो.

मुलं नेमकं चुकतात ते पुढे. सूज गेली की मैदानात, आणि महिन्याभरात तोच पाय परत मुरगळतो, कारण लिगामेंटला (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला) लागलं की पायाचं तोल सावरायचं भानही कमी होतं. दात घासताना त्या पायावर उभा राहा, जमलं की डोळे मिटून (बेसिनला एक हात जवळ ठेव). एका पायावर टाचा वर करणं, मग उडी, मग वेगात दिशा बदलणं. दुसऱ्या पायाइतक्या लांब आणि न घाबरता त्या पायावर उडी मारता आली की मॅच, तारखेवरून ठरवू नकोस.

वय ६१, नौपाडा. डायबिटीस आहे. चार महिने डावा खांदा वर जातच नाही, अंबाडा घालता येत नाही, रात्री ठणकतं. शेजारीण म्हणते मालिशवाल्याकडून ओढून घ्या, एका झटक्यात मोकळा होतो.

मावशी, ओढून घेऊ नका, डायबिटीसमध्ये हाडं नाजूक असली तर फ्रॅक्चरही होऊ शकतं. तुम्ही 'ठणकतं' लिहिलंत ते फार बरं केलंत. डॉक्टरांकडेही नुसतं दुखतंय न म्हणता असंच सांगा, ठणका आहे का चमक निघते का मुंग्या येतात, कारण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. रात्रीचा ठणका, आणि दुसऱ्याने उचलला तरी हात वर न जाणं, हे बहुतेक फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा आहे, डायबिटीसवाल्यांना तो जास्त होतो. तो सुटतो पण एक ते तीन वर्षं घेतो. ठणका असेपर्यंत जोर नको: टेबलावर उजवा हात टेकून वाका, डावा घड्याळाच्या लंबकासारखा हलवा. सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन डॉक्टर सुचवतील, त्याला घाबरू नका, वरच्या पुडीची आणि याची गोष्ट वेगळी, याचं माप ठरलेलं असतं. फक्त त्यानंतर काही दिवस शुगर चढते म्हणून रोज तपासा. आणि अंबाड्याचं म्हणाल तर तोवर सुनेला किंवा नातीला हाक मारा, डावा हात रोज भिंतीवर बोटांनी चढवत न्या आणि कुठवर पोचला तिथे पेन्सिलने खूण करून तारीख घाला, दोन महिन्यांनी त्या खुणा मला लिहून पाठवा.