डायलिसिसच्या पेशंटला पुन्हा थंडीताप आला तर

युनिटला नवीन आली आहेस, म्हणून आधी हेच सांगते. मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी घातलेली नळी) असलेला पेशंट मशीनवर घेतल्यावर कुडकुडायला लागला, तर नुसतं ब्लँकेट घालून थांबू नकोस. डॉक्टरांना लगेच कळव आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे बघायची तपासणी, घे. दोन सेट, वेगवेगळ्या जागांहून, फिस्टुलासाठी (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडायला) राखलेला हात सोडून. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त हवं. कमी घातलं की जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. बाटलीचं रबरी झाकणही स्पिरिटने पुसायचं, घाईत तेच राहून जातं.

तोच जंतू परत आला, तर पहिला संशय कॅथेटरवर घे. नळीच्या आत जंतू चिकट थर करून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. ताप उतरतो, कोर्स संपतो आणि पुन्हा तेच. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू निघाला तर नळी काढायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचार. कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत परत परत पाठवायचं, आणि औषधाचे किमान 14 दिवस त्या पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजायचे. टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का तेही बघ, हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेले असू शकतात. पेशंट कंबर दुखते म्हणाला तर वय झालं म्हणून सोडू नकोस, मणक्यातही संसर्ग लपतो.

आणि हब, म्हणजे नळीचं बाहेरचं जोडायचं टोक, दर वेळी 15 सेकंद घासून पूर्ण वाळू दे, मग जोड. मागे कितीही पेशंट ताटकळत असले तरी.